कुंपणाबाहेरची जागा

नवे मास्तर दुपारची जेवणं व्हायच्या आतच येऊन ठेपले. ठरलं होतं संध्याकाळचं. पण बैलांना ऊन लागू नये म्हणून त्यांच्या गाडीवाल्याने पहाटेच गाडी जुंपली. आता एक ट्रंक, दोन वळकट्या, डालग्यातल्या कोंबड्या आणि पोटुशी बायको असा सगळा संसार घेऊन बर्णबा मास्तर चिंचेखाली बसले होते. मिशनच्या घरात जुने मास्तर अजून खाटेवर पडून होते, आणि त्यांना उचलून न्यायचं कुठे हे त्यांच्या तिन्ही लेकरांना ठरवता येत नव्हतं.

रिबकाने चिंचेखाली पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि परत येऊन चुलीपुढे बसली. सासऱ्याच्या चुलीपुढे ती दहा-अकरा वर्षांनी बसत होती. परात जुन्या जागी सापडली, पिठाचा डबा मात्र कुणीतरी हलवला होता, आणि तो शोधताना तिला उगाचच दमल्यासारखं झालं. सांगलीहून मिरज, मिरजेहून छोट्या रेल्वेने जत रोड, तिथून इमामभाईच्या बैलगाडीतून माळ तुडवत इथवर. अंग मोडून आलं होतं. पण खरा शीण प्रवासाचा नव्हता. आज सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून कुणावर येऊन थांबणार, हे तिला घरून निघतानाच ठाऊक होतं.

सोप्यात तिचा थोरला दीर दानीएल बोलत होता. साताऱ्याच्या शाळेत शिकवून शिकवून त्याला घरातही फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं बोलायची खोड लागली होती.

"हे बघा, भावनेच्या भरात काही ठरवायचं नाही. आबांना अर्धांग झालं म्हणून मिशनने इतके दिवस थांबून घेतलं. आता घर रिकामं करून दिलंच पाहिजे. बाहेर तो माणूस गरोदर बायकोला घेऊन बसलाय."

"दिसतंय ते, दादा," मार्था म्हणाली. "पुढचं बोल. तू नेतोस का आबांना साताऱ्याला?"

मार्था तिघांत धाकटी. सांगलीला दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नव्हतं, आणि रोग्यांशी गोड बोलून झाल्यावर घरच्यांसाठी तिच्याकडे फारसा गोडवा उरत नसे.

"माझ्या दोन खोल्या. पोरं मॅट्रिकला. शिवाय तुझ्या वहिनीची तब्येत तुला माहीत आहे."

"आबांचं नाव काढलं की ती बिघडते, तेवढं माहीत आहे."

"मग तू ने!"

"नर्सांच्या क्वार्टरमध्ये पुरुषमाणूस ठेवू देतात का? असतं तसं तर तुला विचारलं नसतं."

"भांडू नका रं," शमुवेल हळूच म्हणाला. "आबा आयकत्यात."

शमुवेल मधला, रिबकाचा नवरा. गवंडीकाम करायचा. जन्मभर त्याने 'भांडू नका' एवढं एकच वाक्य या घरात म्हटलं होतं, आणि त्या वाक्याने आजवर एकही भांडण मिटलेलं नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. खाटेवर आबा उताणे पडले होते. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. पण डोकं शाबूत आहे, ऐकतात, समजतात, असं डॉक्टरांनी मार्थाला बजावून सांगितलं होतं. ज्या आवाजाने चाळीस वर्षं या माळावरच्या वाड्यावस्त्यांतून उपदेश केला, तो आवाज आता नुसता घशात घरघरत होता.

"मी एक चौकशी केली आहे," दानीएल खाली बघत म्हणाला. "नगरकडे मिशनचा एक आश्रम आहे. म्हाताऱ्या, पंगू माणसांची सोय होते."

"नगरकडं?" शमुवेल म्हणाला. "लय लांब हाय की ते, दादा."

"सोय चांगली आहे."

"आपला बाप आपुन जित्ता असताना आश्रमात?"

"मग तू सांग ना. तुझं घर आहे सांगलीला. स्वतःचं आहे. परसू आहे, विहीर आहे."

शमुवेलने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि न पाहण्यातच सगळं आलं. मार्थाने मात्र पाहिलं. आजवर या घरात रिबकाच्या बाजूने बोलणारी ती एकटी होती. तिने तोंड उघडलं तेव्हा रिबकाचा परातीतला हात थांबला.

"वैनी, मला बोलायचा हक्क नाही. पण तूच नेऊ शकतेस. मी रोज ड्यूटी संपली की येईन. पुसणं, कूस बदलणं, सगळं करीन. नुसती जागा दे."

"मार्थाताई," रिबका म्हणाली, "तुमी बी?"

एवढंच म्हणून ती भाकरी थापू लागली. भाकरी तव्यावर पडली, फुगली, करपायला आली, तेव्हा कुठे तिने ती उतरवली.

दहा-अकरा वर्षांपूर्वीचं ते साल पटकीचं होतं. शमुवेल कराडकडे पुलाच्या कामावर होता. आबा साथीच्या गावांतून औषधं वाटत, प्रार्थना करत फिरत होते; त्यात त्यांनी जिवाची पर्वा केली नाही, हे रिबकाही कधी नाकारत नसे. घरात ती आणि चार वर्षांचा बन्यामीन. पोराला जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि ख्रिस्ती मंडळीतलं एकही माणूस भीतीने दाराशी आलं नाही. आली ती धनगरवाड्यातली बयाबाई. रात्रभर तिने पोराचे गार पडत चाललेले पाय चोळले, आणि उजाडताना कनवटीचा बिरोबाचा भंडारा काढून त्याच्या कपाळाला लावला. रिबकाने तिला अडवलं नाही. अडवायचं तिच्या मनातही आलं नाही. उन्हं वर यायच्या आत पोर गेलं.

पोर आजारी पडल्याचा निरोप आदल्याच दिवशी गेला होता, म्हणून दुपारपर्यंत शमुवेल पोचला. आबा वाटेतूनच थेट मंडळीच्या कबरस्तानापाशी आले. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, किल्ली आबांच्या कमरेला. त्यांनी नातवाच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि त्यांना तो पिवळा भंडारा दिसला. हे सगळं मागे टाकण्यासाठी त्यांनी तरुणपणी ख्रिस्ती होताना भाऊबंद सोडले होते, विहिरीवर मार खाल्ला होता. नव्याने मंडळीत आलेली बाया-माणसं चारी बाजूंनी बघत उभी होती.

"पूस ते," ते म्हणाले. "आधी पूस, आणि चुकलं म्हणून मंडळीपुढं सांग. मग फाटक उघडतो."

रिबकाने हट्ट केला असं लोक पुढे सांगत राहिले. हट्ट कसला? तिचा हातच उचलला गेला नाही. त्या कपाळाला मायेने लागलेलं शेवटचं बोट बयाबाईचं होतं, ते पुसायचं कसं? आबा थांबले, ती थांबली, ऊन कलायला लागलं. शेवटी शमुवेलने कुणालाही न विचारता कुंपणाबाहेर, निवडुंगाच्या कडेला खड्डा खणला. सुटीत आबांबरोबर औषधं वाटायला आलेला दानीएल बापाशेजारी मान खाली घालून उभा होता. महिन्याच्या आत नवराबायकोने गाव सोडलं.

देवावरचा तिचा विश्वास उडाला नाही. उडाला असता तर सोपं गेलं असतं. सांगलीच्या ख्रिस्ती देवळात ती दर रविवारी मागच्या सतरंजीवर बसे. प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणे, 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' इथपर्यंत यायची, आणि पुढे क्षमा मागण्या-करण्याची ओळ आली की ओठ मिटून घ्यायची. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं की शेजारणीकडे सरकवायची. मनात क्षमा नसताना खोटं बोलून जेवायचं तिच्या जिवावर येई. पाळकांनी एकदोनदा समजावलं, मग तेही थकले.

जेवणं कशीतरी झाली. बर्णबा मास्तरांना आणि त्यांच्या बायकोलाही रिबकाने सोप्यात बोलावून वाढलं. ती बिचारी पोर, सलोमी तिचं नाव, इतकी अवघडली होती की भाकरीचा तुकडासुद्धा चोरल्यासारखा मोडत होती.

"आमी काय घाई करत न्हाई, ताई," ती रिबकाला म्हणाली. "झाडाखाली बी राहू आज."

"झाडाखाली कशापायी? घर तुमचंच हाय आता."

मग रिबका हात धुऊन सोप्यात आली आणि खांबाला टेकून बसली. दिरासमोर ती अशी कधी बसली नव्हती.

"दादा, मी नेते आबास्नी."

शमुवेलच्या तोंडातून हुश्श बाहेर पडलं. दानीएलने चष्मा काढला.

"रिबका, तुझे उपकार…"

"उपकार नगंत. माझं एक मागणं हाय. बर्णबा मास्तर, कबरस्तानाची किल्ली आता तुमच्याकडं येणार न्हवं?"

बर्णबा मास्तर गोंधळले. "व्हय. आजच घ्यायची हाय."

"माझं पोर कुपणाबाहीर हाय. निवडुंगापाशी. कुपण तेवढं बाहीर सरकवून घ्या. माझा नवरा गवंडी हाय, तो बांधंल. दगूड बी आमीच आणू. तुमी निस्तं हो म्हणा."

बर्णबा मास्तर तरुण होते, पण वेडे नव्हते. त्यांनी एकदा दानीएलकडे पाहिलं आणि जपून म्हणाले, "ताई, मी आजच आलोय. पयल्याच दिवशी जुन्या मास्तरांनी घालून दिलेली हद्द मोडली, तर मंडळी मला काय म्हणंल? त्यांनी स्वतः हो म्हटलं, तर मी सगळ्यांम्होरं सांगीन. मग कुणाची हरकत राहणार न्हाई."

"बरोबर आहे," दानीएल लगेच म्हणाला. "न्याय्य आहे. खरं सांगू का रिबका, मला तेव्हाही ते पटलं नव्हतं."

"तवा बोलला न्हाईसा."

"आबांपुढे कोण बोलणार?"

"आता आबा बोलत न्हाईत, म्हणून तुमी बोलतायसा."

मार्थाने तोंड फिरवलं. दानीएल चष्मा पुसत राहिला. रिबका उठून आत गेली. मागोमाग सगळेच गेले, आणि त्या लहानशा खोलीत खाटेभोवती पुरती दाटी झाली.

"आबा," रिबका म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्यांना हाक मारली नव्हती, त्यामुळे आवाज घोगरा निघाला. "तुमाला माझ्या घरला न्यायचं ठरलंय. खायला घालीन, धुईन, पुशीन, कशाला कमी करायची न्हाई. पर आधी माझ्या बन्याला आत घ्या. निस्ती मान हलवा. लई काय मागत न्हाई मी. आधी हो म्हणा, मग नेते."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते. त्यांना समजलं होतं, यात कुणालाही शंका राहिली नाही. घसा घरघरला, डावा हात चादरीवर उचलला गेला, खाली पडला. मग त्यांनी मान हलवली. उजवीकडून डावीकडे. आणि पुन्हा एकदा, हळू, डावीकडून उजवीकडे. नाही.

"आबा!" मार्था ओरडली.

आबांनी तोंड भिंतीकडे केलं.

"झालं," दानीएल म्हणाला. त्याचा आवाज रागाने थरथरत होता, आणि तो राग जुना होता. "मरायला टेकले तरी पीळ गेला नाही. मी आश्रमाला पत्र टाकतो. रिबका, तुला आता कुणी शब्दाने बोलणार नाही. तू तुझ्या बाजूने केलंस."

"व्हय वैनी," मार्था म्हणाली. "राहू दे. मीच तुला गळ घातली, माझं चुकलं. आता मीसुद्धा म्हणते, राहू दे."

शमुवेल भिंतीला टेकून खाली बसला होता. "चल रिबका," तो म्हणाला. "इमामभाईला गाडी जुंपाय सांगतो."

सकाळपासून जे तिला हवं होतं ते मिळालं होतं. सगळं घर एकदम तिच्या बाजूला आलं होतं. इतकी वर्षं ती मनातल्या मनात हेच तर मागत होती, की एकदा तरी सगळ्यांनी त्यांना दोषी म्हणावं आणि तिला मोकळं करावं. आता ती मोकळी होती. उठून गाडीत बसायचं, एवढंच उरलं होतं.

पण तिचे पाय हलेनात. आत्ता आपण काय बोललो, ते तिच्या कानात वाजत राहिलं होतं. आधी हो म्हणा, मग नेते. आधी पूस, मग उघडतो. एक पडलेला जीव, भोवती बघे, आणि एक जण अट घालून उभा. त्या दिवशी फाटकाच्या आत आबा होते. आज आत ती होती. हे तिला इतकं लख्ख दिसलं की तिला स्वतःचीच किळस आली. एवढी वर्षं मागच्या सतरंजीवर बसून आपण काय राखलं? पोराची आठवण राखली, असं तिला वाटत होतं. राखली होती ती किल्ली.

आणि म्हाताऱ्याचं 'नाही' तिला पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. हो म्हणायचं, तर त्या दुपारी आपण नातवाला विनाकारण बाहेर ठेवलं, हे कबूल करायचं. वाचा गेलेली, एक बाजू गेलेली, घर चाललेलं. त्यात हेही पेलायचं बळ त्यांच्यात नव्हतं. तिला त्यांची दया आली असं नाही. पण थकलेल्या माणसाला दुसरं थकलेलं माणूस ओळखू येतं, तेवढं झालं.

मग तिला वास आला. मार्थाला रागात आला नसावा. आबांचं धोतर भिजलं होतं, चादरही. म्हणूनही असेल, ते भिंतीकडे वळले होते. नाकाजवळ माशी बसली होती आणि डावा हात अंगाखाली अडकला होता.

"आवं, चरवीभर ऊनऊन पाणी आना," ती नवऱ्याला म्हणाली. "आनि दादा, तुमी समदी बाहीर व्हा जरा."

"रिबका, अगं पण…"

"ओल्या कपड्यात न्यायचं व्हय त्यास्नी? पडसं हुईल."

दानीएल काहीतरी बोलणार होता. मार्थाने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. जाता जाता ती दारात थांबली. "वैनी, हे माझं काम आहे. मी करते."

"तुमी उद्यापासनं करा. आज मला करू द्या."

शमुवेलने पाणी आणून ठेवलं. बायकोकडे बघण्याचं त्याला धैर्य होईना, तो तसाच उभा राहिला, आणि मग एकदम म्हणाला, "मी बी काय बोललो न्हवतो तवा. निस्ता खड्डा खणला."

"तुमी खणला म्हणून तर त्याला जागा मिळाली," ती म्हणाली. "धरा हिकडनं. पाठ उचला."

दोघांनी मिळून आबांना वळवलं. रिबकाने माशी हाकलली, अडकलेला हात सोडवला, ओलं धोतर काढलं. आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. सुनेने असं पाहावं याची लाज त्यांच्या अर्ध्याच हलणाऱ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तिने पदर दातात धरला आणि पोराचं करावं तसं सगळं पुसून काढलं. पाठीला लाल चट्टे पडले होते, तिथे जपून. रागाची तिने वाट पाहिली. राग होता, अजून तिथेच होता, पण हात त्याला विचारत नव्हते. क्षमा म्हणजे मनातून सगळं धुऊन जाणं, असं ती समजत आली होती, आणि ते काही केल्या होत नव्हतं म्हणून इतकी वर्षं उपाशी उठत होती. आता तिला वाटलं, मन कधी धुतलं जाईल ते देव बघून घेईल. आधी धोतर बदलावं.

"आबा," ती हळू म्हणाली. "तुमी न्हाई म्हणलासा. म्हणा. ते तुमचं तुमच्यापाशी. मी परत इचारणार न्हाई. माज्या घराला फाटक न्हाई."

आबांनी डोळे उघडले नाहीत.

ऊन उतरल्यावर इमामभाईने गाडीत कडबा पसरला, त्यावर घोंगडं. चौघांनी उचलून आबांना आडवं केलं. बर्णबा मास्तर आणि सलोमी दाराशी उभे होते; किल्ली मास्तरांच्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. दानीएल गाडीमागे चार पावलं चालला. "पुढच्या सुटीत मी येईन," तो म्हणाला. त्याने आजवर हे बऱ्याचदा म्हटलं होतं, पण आज त्याचे डोळे भरले होते, म्हणून रिबकाने मान डोलावली.

गाडी माळाला लागली. उशाशी रिबका, पायाशी मार्था, शमुवेल इमामभाईशेजारी. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने रिबकाला मांडीशेजारचं घोंगडं ओलं लागलं, म्हणून तिने वाकून पाहिलं. आबा रडत होते. अर्धंच तोंड वाकडं होऊन, आवाज न करता, धारा लागलेल्या.

मार्थानेही पाहिलं. वहिनीने खोट्या आशेवर राहू नये, असं तिला वाटलं असावं. "वैनी, या दुखण्यात माणसं कारण नसतानाही रडतात," ती म्हणाली. "आम्ही रोज बघतो. त्याचा अर्थ लावायचा नसतो."

रिबकाने पदराने त्यांचं तोंड पुसलं, डोक्याखालची वळकटी नीट केली.

"रडू द्या," ती म्हणाली. "सांगली लांब हाय अजून."